झाकला रस्ता सव्वा लाखाचा

दरवर्षी पहिला मोठा पाऊस झाला की आपल्या देशात रस्त्यांची चर्चा सुरू होते आणि नवरात्राच्या सुमारास ती संपते. मधल्या तीन-चार महिन्यांत वर्तमानपत्रांत खड्ड्यांची छायाचित्रे येतात, विधिमंडळांत तारांकित प्रश्न विचारले जातात, न्यायालये महापालिकांना फटकारतात, आणि पाऊस ओसरल्यावर डांबराचा नवा हात फिरला की सर्वांचे समाधान होते. थोड्याफार फरकाने हे चक्र दिल्लीत, बंगळुरूत, गुवाहाटीत आणि पुण्यात सारखेच चालते. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारताना मला आढळत नाही. ज्या रस्त्याचे पैसे जनतेने दिले, तो रस्ता पृष्ठभागाखाली खरोखर बांधला गेला आहे काय?

हा प्रश्न न विचारण्याला एकेकाळी सबळ कारण होते. जमिनीखालचे दिसत नव्हते. पाहायचे तर रस्ता खोदावा लागे. आज ते कारण उरलेले नाही. ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, म्हणजेच भूवेधी रडार, हे उपकरण वाहनाला जोडून वाहतूक न थांबवता रस्त्याखालच्या थरांची जाडी मोजता येते, आणि हे तंत्र आता नवे राहिलेले नाही. तरीही ते आपल्याकडे संशोधनसंस्थांच्या प्रबंधांत आणि तुरळक प्रकल्पांत अडकून पडले आहे. रस्त्याचे देयक मंजूर करण्याच्या नित्याच्या प्रक्रियेत त्याला स्थान नाही. हे स्थान न देण्यामागे पैशाची वा ज्ञानाची अडचण नसून प्रशासनाची न पाहण्याची इच्छा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मी या लेखात मांडणार आहे. मते अर्थातच माझी व्यक्तिगत आहेत.

रस्ता म्हणजे काय?

सामान्य माणसाला रस्ता म्हणजे काळा गुळगुळीत पृष्ठभाग वाटतो. वस्तुतः रस्ता ही थरांची उतरंड आहे. सर्वांत खाली दाबून घट्ट केलेली माती. तिच्यावर पाण्याचा निचरा करणारा मुरूम-खडीचा थर. त्यावर ओलवून दाबलेल्या खडीचा पाया. त्यावर डांबरमिश्रित खडीचा जाड थर. आणि सर्वांत वर चाकांना लागणारा, तीन ते पाच सेंटिमीटरांचा शेवटचा थर. उद्घाटनाची फीत कापताना सर्वांना दिसतो तो एवढाच. खर्चाचा मोठा भाग त्याच्याखाली गाडलेला असतो, आणि रस्ता किती वर्षे टिकणार याचा निकालही तिथेच लागतो.

या थरांची जाडी थोडी कमी पडली तर काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३७ या मार्गदर्शिकेतच आहे. चाकाच्या भाराने डांबरी थराचा तळ किंचित ताणला जातो. या ताणले जाण्याला अभियांत्रिकीत विकृती म्हणतात. मार्गदर्शिकेतील समीकरणानुसार थराला थकवा येऊन तडे जाईपर्यंतचे आयुष्य या विकृतीच्या ३.८९ व्या घाताशी व्यस्त प्रमाणात असते. सोप्या भाषेत सांगायचे तर, थर पातळ राहिल्यामुळे विकृती १० टक्क्यांनी वाढली की आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी घटते. २० टक्क्यांनी वाढली की ते जवळजवळ निम्म्यावर येते. पंधरा वर्षांचा रस्ता सात-आठ वर्षांत संपतो. म्हणजे चोरी चार आण्यांची आणि नुकसान रुपयाचे, असा हा व्यवहार आहे. कंत्राटदाराला झालेला लाभ आणि समाजाला झालेली हानी यांतली ही तफावत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारी आहे.

आता चार आणे म्हणजे किती तेही पाहू. सात मीटर रुंदीच्या दुपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरचे क्षेत्रफळ ७,००० चौरस मीटर. त्यावर डांबरी थर केवळ १० मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या रुंदीइतका, पातळ टाकला तर ७० घनमीटर मिश्रण वाचते. वजनात ते १६० टनांच्या घरात जाते, आणि त्यात साधारण पाच टक्के धरले तरी आठ टन डांबर असते. पन्नास किलोमीटरच्या कामात हा आकडा आठ हजार टनांवर पोहोचतो. हे सर्व करंगळीच्या रुंदीत मावते आणि डोळ्यांना दिसत नाही.

शितावरून भाताची परीक्षा

सध्या हे तपासले कसे जाते? कनिष्ठ अभियंता मोजमाप घेतो आणि ते मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे सर्व खात्यांत जिला नुसते एम.बी. म्हणतात तिच्यात, नोंदवतो. वरिष्ठ त्यातील काही टक्के मोजमापांची चाचणी-तपासणी करतात. हल्ली काही ठिकाणी एम.बी. संगणकावर गेली आहे, पण संगणकात आकडा भरणारा हात तोच आहे. याशिवाय ठरावीक अंतरावर यंत्राने दंडगोलाकृती नमुना कापून काढतात. त्याला कोअर म्हणतात. त्याची जाडी आणि घनता मोजली जाते.

समजा १५ सेंटिमीटर व्यासाचा एक कोअर दर ५०० मीटरांवर काढला. दोन कोअर मिळून क्षेत्रफळ साडेतीनशे चौरस सेंटिमीटर होते. सात हजार चौरस मीटरांशी त्याचे प्रमाण दहा लाखांत पाच भाग एवढे पडते. यावर कोणी म्हणेल, शितावरून भाताची परीक्षा होतेच की! अगदी बरोबर. संख्याशास्त्राचाही याला आक्षेप नाही. नमुना लहान असणे हा दोष नव्हे. पण शिताची परीक्षा खरी ठरते ती शीत कोणी निवडले यावर. पातेल्यातले कोणतेही शीत उचलायची मुभा असेल तर एक शीत पुरते. स्वयंपाकी स्वतःच शीत काढून हातावर ठेवीत असेल तर शंभर शितेही पुरत नाहीत. कोअर कुठे काढायचा ही जागा काम करणारा, करवून घेणारा आणि तपासणारा हे तिघे मिळून ठरवीत असतील, तर त्या कोअरच्या अहवालाला पुराव्याचे मूल्य फारसे उरत नाही.

रडार काय करते?

रडारचा अँटेना रस्त्याकडे विद्युतचुंबकीय स्पंद सोडतो. दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवर त्यातील काही भाग परावर्तित होऊन वर येतो, उरलेला खाली जातो आणि पुढच्या सीमेवर पुन्हा तेच घडते. येण्या-जाण्याला लागलेला काळ आणि त्या पदार्थातील लहरींचा वेग माहीत असला की जाडी काढता येते. वेग ठरतो पदार्थाच्या विद्युत-गुणधर्मावर, ज्याला परावैद्युतांक म्हणतात. हवेचा तो १, डांबरी मिश्रणाचा साधारण ४ ते ७, आणि पाण्याचा सुमारे ८०. परावैद्युतांक ६ धरला तर दहा सेंटिमीटर जाडीच्या थरातून जाऊन परत यायला लहरींना दीड-पावणेदोन नॅनोसेकंद लागतात. रस्त्यांसाठी एक-दोन गिगाहर्ट्झचा, जमिनीपासून थोडा वर टांगलेला अँटेना वापरतात. त्यामुळे वाहन महामार्गाच्या नेहमीच्या वेगाने चालू शकते आणि अर्धा-पाऊण मीटर खोलीपर्यंतचा सलग छेद मिळतो.

पाण्याचा तो ८० हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. कोरडी खडी आणि पाणी मुरलेली खडी रडारला अगदी निराळी दिसते. आपले रस्ते भाराने मरतात त्याहून अधिक पाण्याने मरतात, हे प्रत्येक अनुभवी अभियंता सांगेल. निचरा तुंबला, पायात पाणी साठले, त्यावरून अवजड वाहने गेली की वरचा थर कितीही चांगला असो, तो फुटतोच. आपण दरवर्षी खड्डा बुजवतो आणि पाणी तिथेच ठेवतो. रोग कुठे आहे ते दाखवणारे हे साधन आहे. काँक्रीटच्या रस्त्यात दोन फरशांना जोडणाऱ्या डॉवेल सळया आहेत की नाहीत, किती अंतरावर आहेत, हेही त्यातून दिसते, कारण लोखंड रडारला सर्वांत ठळक दिसते.

ही काही कालची गोष्ट नव्हे. डांबरी थरांची जाडी रडारने कशी मोजावी याचे डी ४७४८ हे अमेरिकन मानक कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. ब्रिटनच्या महामार्ग-मार्गदर्शिकेत १९९४ मध्येच या तंत्राचे उपयोग आणि मर्यादा सांगणारे स्वतंत्र टिपण समाविष्ट झाले. टेक्सास आणि फिनलंड येथील रस्तेखात्यांनी नव्वदच्या दशकापासून ते नित्याच्या वापरात आणले.

आपण रडार कुठे फिरवतो?

भूवेधी रडार भारतात आलेच नाही असे कोणी समजू नये. अयोध्येच्या वादात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या जागेचे रडार-सर्वेक्षण झाले. २००३ च्या फेब्रुवारीत त्याचा अहवाल आला, आणि त्यात दाखवलेल्या विसंगती पडताळण्यासाठी न्यायालयाने उत्खननाचा आदेश दिला. २०२३ मध्ये वाराणसीच्या जिल्हा न्यायालयाने ज्ञानवापीच्या सर्वेक्षणात हेच तंत्र वापरण्यास सांगितले. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील रत्नभांडाराखाली गुप्त कक्ष आहे काय, हे पाहण्यासाठी २०२४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या साहाय्याने रडार लावले.

या वादांच्या गुणावगुणांत मला शिरायचे नाही. माझा मुद्दा केवळ प्रशासकीय आहे. उपकरण देशात आहे, ते चालवणारे शास्त्रज्ञ आहेत, त्याचा अहवाल न्यायालये विचारात घेतात. शेकडो वर्षांपूर्वी जमिनीखाली काय गाडले गेले हे जाणण्याची आपल्याला एवढी उत्कंठा असेल, तर गेल्या वर्षी सरकारी पैशाने जे गाडले गेले ते जाणण्याविषयी एवढी उदासीनता का असावी?

या उदासीनतेचे आकारमान लहान नाही. देशातील रस्त्यांची एकूण लांबी ६३ लाख किलोमीटरांच्या घरात आहे; त्यांपैकी राष्ट्रीय महामार्ग १ लाख ४६ हजार किलोमीटर आहेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयासाठी २ लाख ८७ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. एवढ्या रकमेची जी वस्तू आपण विकत घेतो, तिची तपासणी आपण मुख्यतः वरवर पाहून करतो.

वरवर पाहण्याची यंत्रे

‘वरवर’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२० मध्ये नेटवर्क सर्व्हे व्हेईकल, म्हणजे सर्वेक्षण-वाहनाने रस्त्यांची पाहणी बंधनकारक केली. काम पूर्ण झाल्याचा दाखला देताना आणि पुढे दर सहा महिन्यांनी ती व्हावी, असे ठरले. २०२५ मध्ये २३ राज्यांतील सुमारे २१ हजार किलोमीटर महामार्गांवर अशी वाहने फिरवण्याची योजना जाहीर झाली. लेझर आणि कॅमेरे यांच्या साहाय्याने ही वाहने तडे, खड्डे, चाकोऱ्या आणि खडबडीतपणा मोजतात. पूर्वी एखादा अधिकारी जीपच्या खिडकीतून पाहून ‘रस्ता समाधानकारक’ असा शेरा मारीत असे, त्या मानाने ही फार मोठी प्रगती आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे.

परंतु लेझर पृष्ठभागावरच थांबते. नव्या कोऱ्या रस्त्याचा पृष्ठभाग गुळगुळीतच असतो, मग खालचा थर अडीच इंच असो वा चार. खडबडीतपणाचा निर्देशांक ज्या दिवशी बिघडतो त्या दिवशी खालची हानी होऊन गेलेली असते, आणि बऱ्याचदा दोषदायित्वाचा काळही संपत आलेला असतो. तापमापकाने ताप कळतो. हाड मोडले आहे का हे त्याने कळत नाही.

रस्त्याची ताकद मोजणारे फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर हे दुसरे यंत्र आपल्याकडे आहे. आयआरसी ११५ ही २०१४ ची मार्गदर्शिका त्याविषयीच आहे. वजन आदळून रस्ता किती दबतो ते मोजायचे आणि त्यावरून प्रत्येक थराची ताकद गणिताने काढायची, अशी त्याची पद्धत. मात्र या गणितात प्रत्येक थराची जाडी आधी भरावी लागते. ती बहुधा येते कंत्राटाच्या नकाशावरून किंवा मोजक्या खड्ड्यांवरून. कागदावर १५० मिलिमीटर आणि प्रत्यक्षात १२० असेल, तर निघालेली ताकद चुकीची, आणि तिच्यावर बेतलेले मजबुतीकरणाचे अंदाजपत्रकही चुकीचे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या तंत्राविरुद्ध जे आक्षेप मी बैठकांतून ऐकत आलो, त्यांचा प्रामाणिकपणे विचार करू.

पहिला आक्षेप अचूकतेचा. रडार चुकते, असे म्हणतात. खरे आहे. कोअरशी पडताळून घेतले तरी डांबरी थराच्या जाडीत साधारण पाच ते दहा टक्क्यांपर्यंत फरक राहू शकतो. दोन पातळ डांबरी थर एकसारखे असतील तर ते वेगळे ओळखता येत नाहीत, त्यांची बेरीज मिळते. चिकण काळ्या मातीत लहरी लवकर विरतात. आणि रडारला जाडी व ओलावा कळतो, ताकद कळत नाही. पण यातला प्रत्येक दोष मर्यादित आहे. काळी माती रस्त्याच्या तळाशी असते. आपल्याला मोजायचे आहेत ते तिच्यावरचे थर. एका जागी १० मिलिमीटरांची तूट रडार खात्रीने सांगू शकणार नाही. पण हजारो वाचनांची सरासरी घेतली की यादृच्छिक चुका परस्परांना छेद देतात, आणि जी पद्धतशीर चूक उरते ती थोड्या कोअरांनी दुरुस्त होते. तीस मिलिमीटरांची तूट सलग दोन किलोमीटर असेल तर ती लपणार नाही.

रडारवर आंधळा विश्वास ठेवू नये हेही मी आग्रहाने सांगेन. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले होते. २४ तारखेला रडार-पाहणीच्या आधारे पुढच्या सुमारे पाच मीटरांत धातूचा अडथळा नसल्याचे सांगण्यात आले आणि त्याच दिवशी छिद्र पाडणारे यंत्र पुन्हा अडले. अखेर २८ तारखेला मजूर बाहेर आले ते हाताने खोदणाऱ्या कामगारांमुळे. ढिगाऱ्यातले लोखंड शोधणे आणि सपाट थर मोजणे यांत मोठा फरक आहे, तरी धडा एकच. रडारने जागा दाखवावी आणि खणून खात्री करावी.

दुसरा आक्षेप खर्चाचा. महामार्गाच्या एका किलोमीटरला कित्येक कोटी रुपये लागतात. त्या हिशेबात एका सर्वेक्षण-फेरीचा खर्च बेरजेत दिसणारही नाही. आणि पन्नास किलोमीटरांत आठ हजार टनांची तूट ही वरची आकडेमोड डोळ्यांपुढे ठेवली तर खर्चाचा आक्षेप उलटून आक्षेप घेणाऱ्यावर येतो.

तिसरा आक्षेप तज्ज्ञांच्या टंचाईचा. रडारचे चित्र वाचायला अनुभव लागतो, हे निर्विवाद. पण एक्स-रे वाचायलाही अनुभव लागतो, म्हणून आपण तालुक्याच्या रुग्णालयांतून एक्स-रे यंत्र काढून टाकले नाही. वाचणारे तयार केले. मागणी निश्चित झाली तर अभियांत्रिकी महाविद्यालये दोन-तीन वर्षांत मनुष्यबळ उभे करतील. आज मागणीच नाही, म्हणून तज्ज्ञ नाहीत. आणि तज्ज्ञ नाहीत, म्हणून मागणी नाही.

चौथा आक्षेप सर्वांत मनोरंजक आहे: ‘याने वाद वाढतील.’ एका राज्यातील एका प्रकल्पाच्या आढावा बैठकीत रडार-चाचणीचा प्रस्ताव याच कारणास्तव बाजूला ठेवला गेलेला मी पाहिला आहे. टिपणीवर शेरा होता, की विहित चाचण्या समाधानकारक असताना जादा चाचणीने अनावश्यक प्रश्न उपस्थित होतील. या एका वाक्यात आपल्या प्रशासनाचे सारे मानसशास्त्र सामावले आहे. प्रश्न उपस्थित होतील म्हणून पाहायचे नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तसा झाकलेला रस्ताही.

न जाणण्याचे अर्थशास्त्र

माहिती ही प्रशासनात तटस्थ वस्तू नसते. एकदा आकडा नोंदला गेला की त्यावर कारवाई करावी लागते. न केल्यास लेखापरीक्षक विचारतो. म्हणून आकडाच निर्माण होऊ न देणे हे संबंधित प्रत्येकाच्या सोयीचे ठरते. कंत्राटदाराला साहित्य वाचते. देखरेख करणाऱ्याला संघर्ष टळतो. अधिकाऱ्याला उद्दिष्ट गाठल्याचा अहवाल वेळेत पाठवता येतो. लोकप्रतिनिधीला फीत कापायला मिळते. हरतो तो ज्याची या बैठकीत खुर्ची नाही, म्हणजे करदाता आणि त्या रस्त्यावर रात्री दुचाकी चालवणारा माणूस.

स्वतंत्र देखरेख म्हणून जी व्यवस्था आहे, तिची रचनाही पाहण्यासारखी आहे. बांधा-वापरा-हस्तांतरित करा पद्धतीच्या नमुना करारात तथाकथित स्वतंत्र अभियंत्याच्या मानधनाचा अर्धा वाटा सवलतधारक कंपनीकडे ठेवला गेला. ज्याची परीक्षा घ्यायची त्यानेच परीक्षकाची अर्धी फी भरायची, या रचनेत व्यक्ती कितीही प्रामाणिक असोत, व्यवस्था प्रामाणिक राहणे कठीण.

पाहिल्याने फरक पडतो काय, याचे उत्तर अनुमानावर सोडण्याची गरज नाही. बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने इंडोनेशियातील सहाशेहून अधिक गावांच्या रस्त्यांवर प्रयोग केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अभियंत्यांकरवी रस्ते खणून त्यांत प्रत्यक्ष किती साहित्य पडले ते त्याने मोजले आणि दाखवलेल्या खर्चाशी ताडून पाहिले. सरकारी लेखापरीक्षण होण्याची शक्यता ४ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेल्यावर गहाळ खर्च सुमारे आठ टक्के-बिंदूंनी घटला. गावसभांतील लोकसहभाग वाढवण्याचा सरासरी परिणाम मात्र अल्प होता. कोणीतरी नक्की खाली पाहणार आहे, या जाणिवेने चोरी घटते. आपल्याकडे ही जाणीव निर्माण करण्याचे सर्वांत स्वस्त साधन रडार आहे.

आणि ते नसल्याची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. सत्येंद्र दुबे हे सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर नेमलेले तरुण अभियंता. निकृष्ट काम आणि गैरव्यवहारांविषयी त्यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासह कार्यालयांतून फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. पुढे न्यायालयाने २०१० मध्ये तिघांना दोषी ठरवले. खून लुटीतून झाला, असा तपासयंत्रणेचा निष्कर्ष होता. त्यांच्या मृत्यूनंतर देशभर जो क्षोभ उसळला, त्यातून २००४ मध्ये जागल्यांच्या तक्रारींसाठी केंद्राचा ठराव निघाला, २०१४ मध्ये कायदाही संमत झाला. तो कायदा हे लिहीत असेपर्यंत अंमलात आलेला नाही.

या प्रकरणाकडे मी शासकीय सेवक म्हणून पाहतो तेव्हा एक गोष्ट मला छळते. रस्त्याखाली काय आहे हे सांगण्याची जबाबदारी आपण एका माणसाच्या सदसद्विवेकावर टाकतो. तो एकटा, कनिष्ठ, आणि प्रकल्पस्थळीच राहणारा असतो. त्याच्यावर दबाव आणता येतो, त्याची बदली करता येते, आणि याहून वाईटही घडू शकते. जे काम यंत्र आणि नियम मिळून करू शकतात, त्यासाठी माणसाकडे हौतात्म्य मागणारे प्रशासन स्वतःला सुसंस्कृत म्हणवू शकत नाही. रस्त्याची नोंद प्रत्येक किलोमीटरला आपोआप होत असेल, तर एका अभियंत्याने ‘मी सांगतो’ असे म्हणण्याची गरजच कमी होते.

काय करावे?

केवळ टीका करून थांबणे योग्य नव्हे. माझ्या सूचना अशा:

१. प्रत्येक मोठ्या रस्तेकामात शेवटचा थर टाकण्यापूर्वी आणि टाकल्यानंतर अशा दोन रडार-फेऱ्या कराराचाच भाग असाव्यात. ही त्या रस्त्याची जन्मपत्रिका. पुढील प्रत्येक पाहणी तिच्याशी ताडली जावी.

२. सर्वेक्षण करणारी संस्था काम करवून घेणाऱ्या कार्यालयाने निवडू नये आणि कंत्राटदाराने तिचे पैसे देऊ नयेत. मध्यवर्ती यादीतून चिठ्ठी टाकून तिला काम मिळावे आणि वेगळ्या निधीतून पैसे मिळावेत.

३. कोअरच्या जागा दोनच रीतींनी ठरवाव्यात: रडारने संशयास्पद दाखवलेल्या जागा आणि यादृच्छिक चिठ्ठीने निघालेल्या जागा. शीत निवडण्याचा अधिकार स्वयंपाक्याकडून काढून घ्यावा.

४. प्रत्यक्ष मोजलेल्या जाडीनुसार देयक द्यावे. किती तूट क्षम्य, किती तुटीला किती कपात आणि किती तुटीला थर उखडून पुन्हा काम, हे निविदेतच लिहावे. चांगल्या कामाला थोडे अधिक द्यावे. प्रामाणिक कंत्राटदार आज अप्रामाणिकाच्या कमी दरापुढे हरतो, तो टिकला पाहिजे.

५. निवडक महामार्गांवर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर रडार फिरवून पाणी कुठे साठते त्याचे नकाशे करावेत. दुरुस्तीचा निधी त्यानुसार वाटावा.

६. मूळ विदा शासनाच्या मालकीची, कोणत्याही संगणकप्रणालीत उघडेल अशा स्वरूपात असावी, आणि किलोमीटरनिहाय निष्कर्ष संकेतस्थळावर सर्वांना दिसावेत. हे शेवटचे कलम नसेल तर पहिली पाच कलमे दोन वर्षांत एका नव्या यंत्राच्या खरेदीत आणि नव्या पेटीबंद अहवालांत रूपांतरित होतील, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

वाचकांसाठी दोन शब्द

हा लेख मराठीत आणि महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी लिहिण्याचे एक कारण आहे. १९२७ मध्ये देशातील रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. रस्ते ही केवळ स्थानिक संस्थांच्या कुवतीतली बाब नसून राष्ट्राची बाब आहे, हे त्या समितीने मांडले. केंद्रीय रस्ते निधी, १९३४ ची इंडियन रोड्स काँग्रेस आणि पुढे दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांचे मूळ त्या अहवालात आहे. निधी, मानके आणि संशोधन या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या होत्या. निधी वाढत गेला, मानके ग्रंथबद्ध झाली, संशोधन प्रयोगशाळेत झाले. त्या तिघांना प्रत्यक्ष रस्त्यावर जोडणारी मोजणी मात्र अजून मागेच आहे.

इंदूर, बडोदे, हैदराबाद वा दिल्ली, जिथे आपण राहता तिथल्या रस्त्याचा कर आपण भरता, आणि गणपतीला कोकणात जाताना वर्षानुवर्षे रखडलेल्या महामार्गाचाही अनुभव घेता. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम २ (ञ) फार थोड्यांनी नीट वाचले आहे. माहितीच्या अधिकारात कागदपत्रांच्या प्रतींबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही अंतर्भूत आहे. म्हणजे आपल्या दारापुढच्या रस्त्यात काय घातले, हे पाहण्याचा हक्क संसदेने आपल्याला २००५ मध्येच दिला आहे.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात खड्ड्याचे छायाचित्र जरूर काढावे. पण त्याबरोबर एक अर्जही करावा: या रस्त्याच्या प्रत्येक थराची विहित जाडी किती, प्रत्यक्ष किती भरली, ती कोणी, कोणत्या साधनाने आणि कोणत्या तारखेला मोजली? या चार प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत अशी कबुली पुरेशा कार्यालयांना लेखी द्यावी लागली, तर ‘या चाचणीची आवश्यकता काय’ असा शेरा लिहिणे पुढच्या अधिकाऱ्याला अवघड जाईल.